पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडण्याआधीचे बारा आठवडे

परसात आठ-दहा कोंबड्या आहेत, त्यांत नवी भर घालायची आहे. पिल्लं आणली, महिना-दीड महिना जपली आणि एका सकाळी खुराड्याचं दार उघडून दिलं, असं बहुतेक घरी होतं. दोन दिवसांत एखादं पिल्लू डोकं फोडून घेतं, दुसरं कोपऱ्यात उपाशी राहून वाळतं, आणि बोल जुन्या कोंबडीला लागतो. कोंबडी तिच्या स्वभावाप्रमाणेच वागलेली असते. गणित चुकतं ते अंगमानाचं आणि जागेचं. पिल्लं वाढवणं त्या मानाने सोपं. खरी कसोटी कळपात मिसळताना लागते, आणि तिची तयारी पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.

केव्हा आणावीत, कोणती आणावीत

नाशकात ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात सोयीचा. पाऊस ओसरलेला असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा १० अंशांच्या खाली घसरेपर्यंत पिल्लांना पुरती पिसं फुटलेली असतात. दुसरी वेळ फेब्रुवारीची. मात्र ती पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होतात तेव्हा ऊन चाळिशीला टेकलेलं असतं, म्हणून सावलीची सोय आधी करावी. जून ते ऑगस्ट इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागात नवख्याने पिल्लं आणूच नयेत. पिल्लांखालची तुसाची गादी कोरडी ठेवता येत नाही आणि रक्ती हगवण हमखास लागते. सिन्नर, येवला, नांदगावच्या कोरड्या बाजूला पावसाळ्यातही निभावतं.

जातींत गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया, आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प आणि आपली गावरान हे नेहमीचे पर्याय. निवडताना जुन्या कळपाकडे बघा. वनराजा किंवा गिरिराजचं पिल्लू झपाट्याने वाढतं, त्याच वयाचं गावरान पिल्लू त्याच्यापुढे निम्म्या-पाऊण अंगाचं दिसतं. कळपात जड कोंबड्या असतील आणि पिल्लं गावरान असतील, तर मिसळायला दोन-तीन आठवडे जास्त लागतील असं धरूनच चला. आठवडे बाजारात रंगवलेली पिल्लं विकायला येतात ती बहुतेक लेअर, म्हणजे अंड्यांच्या जातीचे नर असतात. अंड्यांसाठी त्यांचा काही उपयोग नाही.

एकटं-दुकटं पिल्लू कधीही आणू नये. कमीत कमी सहा आणा. पुढे मोठ्यांत सोडल्यावर मार वाटला जातो, आणि सोबत असली की पिल्लू बिथरून कोपऱ्यात अडकत नाही. घेताना बेंबी कोरडी, डोळे तरतरीत, पाय सरळ बघावेत आणि मॅरेक्स या आजाराची लस दिली आहे का ते विचारावं. ही लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचतात, घरी नंतर देऊन फायदा नसतो.

उबेची जागा

खालचे आकडे १२ पिल्लांचे आहेत. ३ फूट व्यासाचं गोल कडं करावं. त्याला साधारण साडेनऊ फूट लांब आणि दीड फूट उंच पट्टी लागते. द्राक्षाच्या पेट्यांचा पन्हळी पुठ्ठा टाचून जोडला की काम होतं, आणि तो या जिल्ह्यात फुकट म्हणावा इतका पडून असतो. कडं गोलच हवं. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

गादीला भाताचा तूस उत्तम, घोटीच्या भातगिरण्यांवर पोत्याने मिळतो. दोन-अडीच इंच जाड पसरावा. सुताराकडचा भुसा घ्यायचा तर रंध्याची जाड साल घ्या. करवतीची पूड पिल्लं दाणा समजून खातात. पहिले दोन-तीन दिवस तुसावर काहीतरी अंथरावं लागतं, पण गुळगुळीत वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि कधी कधी तसेच राहतात. पुठ्ठ्याची खरखरीत, पन्हळी बाजू वर करून टाकावी किंवा जुनं गोणपाट.

उबेसाठी तारेचा पिवळा बल्ब. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही; दरवर्षी कुणीतरी एलईडी लावून पिल्लं गारठवतं. एक १०० वॉटचा लावण्यापेक्षा ६० वॉटचे दोन लावावेत, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा तग धरतो. होल्डर चिनी मातीचा घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. बल्ब वायरवर न लटकवता साखळीने किंवा तारेने छताला बांधावा. कोरड्या तुसात बल्ब पडला तर आग लागायला वेळ लागत नाही. सुरुवातीला गादीपासून दीड फूट उंच ठेवून दर आठवड्याला दोन-तीन इंच वर घ्यावा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस हवं, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. पाचव्या आठवड्यात २३ अंशांवर आलात की दिवसा बल्ब बंद, रात्री थंडी असेल तरच चालू. थर्मामीटर असावा, पण पिल्लं त्याहून खरं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर गारवा आहे. कडेला पळून चोच उघडी टाकून, पंख पसरून बसली तर उष्णता जास्त. सगळी एकाच बाजूला सरकली तर समोरून वाऱ्याची झुळूक येते आहे, ती फट शोधून बुजवा. सगळीकडे पांगून खाणं-झोपणं शांतपणे चाललं असेल तर हात लावू नका.

वीज गेली तर दोन लिटरच्या बाटलीत कढत पाणी भरून जुन्या मोज्यात किंवा फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवायची आणि वरून गोणपाट घालून एक बाजू उघडी ठेवायची. दीड-दोन तासांनी पाणी बदलावं लागतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. कोळशाच्या वायूने पिल्लंही जातात आणि माणसालाही धोका असतो.

पिल्लं येण्याआधी किमान चार-पाच तास बल्ब लावून गादी तापवून ठेवा. वरची हवा गरम आणि तूस गार, असं असलं तर पायातून गारठा शिरतो.

पाणी, दाणा आणि पहिला पंधरवडा

आल्याबरोबर पाणी, दाणा नंतर. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम गूळ विरघळवून पहिले तीन-चार तास द्यावं. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवावी, नाकपुड्या बुडू देऊ नयेत. गुळाचं पाणी दिवसभर ठेवलं तर आंबतं आणि पिल्लं हगवणीला लागतात, म्हणून नंतर साधं उकळून गार केलेलं पाणी. भांडं उलट्या बाटलीचं, उथळ कडेचं. कड खोल असेल तर त्यात गोटे टाकावेत. बशीत पाणी ठेवलं की पिल्लं त्यात बसतात, भिजतात आणि गारठून मरतात.

दोन तासांनी पुठ्ठ्यावर मक्याची बारीक भरड टाकावी, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. आठ आठवड्यांत एक पिल्लू दीड ते दोन किलो खातं, म्हणजे १२ पिल्लांना १८ ते २४ किलो. ५० किलोचं पोतं घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. दमट दिवसांत मक्याला बुरशी लागते आणि तिचं विष पिल्लांच्या यकृतावर बसतं. कुबट वास आलेलं खाद्य मोठ्या कोंबड्यांनाही घालू नये, फेकून द्यावं.

रोज सकाळी प्रत्येक पिल्लाची मागची बाजू बघावी. शीट चिकटून भोक बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून अलगद काढावं, पुसून कोरडं करावं. ओढू नये, कातडी निघते. गारठा किंवा अति उष्णता हे त्याचं नेहमीचं कारण. तीन-चार पिल्लांना एकदम झालं तर आधी बल्बची उंची तपासा.

लसीकरण घरगुती कळपात सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण लशीची सगळ्यात लहान कुपीही १०० मात्रांची असते आणि पिल्लं बारा. शेजारच्या दोन-तीन घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणली तर कुपी वाटून घेता येते. साधारण क्रम असा: ५ ते ७ दिवसांना लासोटा (राणीखेत, म्हणजेच मानमोडी) डोळ्यात एक थेंब, १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची लस, २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस आणि आठ आठवड्यांनंतर राणीखेतची आरटूबी टोचून. लस दुकानातून घरापर्यंत बर्फात यावी आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवून उपयोग नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, म्हणजे कुपी कोणत्या दिवशी फुटणार ते कळतं.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवणीवर लक्ष ठेवा. पिल्लू पंख सैल सोडून, डोळे मिटून उभं राहतं, शीट तांबूस किंवा चॉकलेटी पडते. ॲम्प्रोलियम पाण्यातून देतात; मात्रा पाकिटावरची किंवा डॉक्टरांनी सांगितलेली. औषध चालू असताना बी-कॉम्प्लेक्स देऊ नये. हे औषध बी-१ जीवनसत्त्वाची वाट अडवूनच काम करतं, तेच वरून ओतलं तर दोन्ही वाया. आणि गादी ओलीच राहिली तर औषध संपल्यावर आजार परत येतो. पाण्याच्या भांड्याखाली वीट ठेवली, रोज तिथला ओला तूस काढला, की निम्मं काम होतं.

खुडूक कोंबडी असेल तर

तर बल्ब, पुठ्ठा, रात्रीची जाग सगळं वाचतं. कोंबडी किमान दोन आठवडे पक्की बसलेली असावी आणि पिल्लं एक-दोन दिवसांचीच असावीत. अंधार पडल्यावर खालची अंडी काढत एकेक पिल्लू पोटाखाली सरकवायचं, जास्तीत जास्त आठ-दहा. पहाटे उजाडण्याआधी जाऊन बघा. चोच मारत असेल तर लगेच पिल्लं काढून बल्बखाली न्या, दुसऱ्यांदा प्रयोग करू नका. अशी कोंबडी पिल्लांना कळपात स्वतःच ओळखीचं करून देते. पण दीड-दोन महिन्यांनी ती त्यांना सोडते, पुन्हा अंड्यावर येते, आणि त्या दिवसापासून पिल्लं उघडी पडतात. पुढे सांगितलेली वेगळी वाट आणि वेगळं भांडं त्यांनाही लागतं.

जाळीआडची ओळख

सहाव्या आठवड्यात पिल्लांना मोठ्यांच्या शेजारी न्यावं, मधे जाळी. षटकोनी चिकन-मेश कोंबडी अडवते, मुंगूस आणि घूस अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश घ्या, ४ फूट उंच लावा आणि तळाशी एक फूट मातीत पुरा. वरूनही झाकायला हवं, शिक्रा आणि मांजर दोघेही वरूनच येतात. सिन्नर, निफाड, दिंडोरीच्या उसाच्या भागात बिबट्याचा वावर असतो, तिथे रात्रीची जागा भिंत आणि कडीची असावी. शेडनेट आणि बांबू त्याला अडवत नाहीत.

मोठ्यांची आणि पिल्लांची खाद्याची भांडी जाळीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवावीत. एकमेकांना बघत खाण्याची सवय लागते, जाळीतून टोचणं पहिल्या तीन-चार दिवसांत कमी होतं. हा काळ किमान दोन आठवडे. या दिवसांत कामाचा क्रम पाळा: आधी पिल्लांचं पाणी-दाणा, मग मोठ्यांचं; चपला वेगळ्या. जुन्या कोंबड्या अनेक आजार अंगात वागवूनही धडधाकट दिसतात, पिल्लांना ते झेपत नाहीत. याच आठवड्यांत जुन्या कोंबड्यांच्या पंखांखाली आणि मागच्या बाजूला उवा, पिसवा बघून घ्याव्यात. माती आणि चुलीतली राख समभाग करून टोपल्यात ठेवली की त्या स्वतःच लोळतात. पिल्लं नसून बाहेरून तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणल्या असतील, तर जाळीजवळ आणण्याआधी ३० दिवस परसाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

पिल्लांची वाट

इतकी कामाची आणि इतकी क्वचित केली जाणारी दुसरी गोष्ट नाही. जाळीच्या किंवा बांबूच्या कुडात खाली ४ ते ५ इंच रुंद, ६ इंच उंच भोक ठेवायचं. पिल्लू आरपार जातं, मोठी कोंबडी अडकते. गावरान कोंबडी अंगाने सडपातळ असते, तेव्हा आधी मोजून बघा. भोक दोन ठेवा, एकच असेल तर एखादी चलाख कोंबडी त्याच्या तोंडाशी पहारा देते. आठव्या-नवव्या आठवड्यापासून ही वाट उघडली की पिल्लं मोठ्यांच्या अंगणात डोकावतात, कुणी धावून आलं की आत पळतात. त्यांचा दाणाही आतच राहतो आणि मोठ्या कोंबड्या तो फस्त करू शकत नाहीत.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. मोठ्यांचं लेअर खाद्य पिल्लांनी खाऊ नये. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पिल्लाला एक टक्का पुरतं. जादा कॅल्शियम मूत्रपिंड निकामी करतं आणि ते बाहेरून दिसत नाही. पुढे सगळी एकत्र झाली की सर्वांनाच ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य द्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्या गरजेपुरता चुरा उचलतात, पिल्लं फारशी शिवत नाहीत.

प्रत्यक्ष एकत्र करताना

वयापेक्षा अंगमान बघा. पिल्लू मोठ्या कोंबडीच्या किमान दोन-तृतीयांश झालं की वेळ आली. सुधारित जातींत हे १० ते १२ आठवड्यांत होतं, गावरानात १४ लागू शकतात.

सूर्यास्ताच्या दोन तास आधी दोन्ही गट मोकळ्या अंगणात सोडा. बंद खुराड्यात पहिली भेट घडवू नका. मेथी-पालकाचे देठ, लसूणघास, मूठभर बाजरी चार-पाच ठिकाणी पांगून टाका, म्हणजे चोची कामात राहतात. कांद्याची टरफलं आणि सडके कांदे टाकू नका. नाशकात ते ढिगाने मिळतात, पण जास्त पोटात गेले तर कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षबागेत फवारणी झाली असेल तर तिकडची वाट त्या दिवसांत बंदच ठेवा. अंधार पडताना पिल्लं आपल्या जुन्या जागी जाऊ द्यावीत. असं पाच-सहा दिवस.

अंगणात आडोसे हवेत: उभी फळी, उलटा टोमॅटोचा क्रेट, दोन्ही बाजूंनी उघडं डालगं. आडोशाला दोन तोंडं पाहिजेत. एकाच तोंडाचा आडोसा म्हणजे सापळा. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकांपासून ८-१० फुटांवर आणि एका भांड्यावरून दुसरं दिसणार नाही अशी. वरचढ कोंबडी एका वेळी एकच भांडं राखू शकते. जागा आत प्रत्येकी ३-४ चौरस फूट, बाहेर ८-१०. याहून कमी असेल तर पिल्लं नीट मिसळतील ही आशा सोडा, आधी खुराडं वाढवा.

मग एका रात्री पिल्लांना उचलून मोठ्यांच्या दांड्यावर बसवायचं. प्रत्येकी ८ ते १० इंच जागा धरा, दांडे सगळे एकाच उंचीचे ठेवा. एक उंच असला की त्यावरूनच मारामारी होते. रात्री एकत्र झोपल्या म्हणजे सकाळी ओळख पटते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. खरी मारामारी पहाटे होते, उजाडल्यापासून दार उघडेपर्यंतच्या वेळात, कारण पळायला जागा नसते. पहिला आठवडाभर फटफटताच दार उघडायला हजर राहा. उशिरा उठणाऱ्या घराने खुराड्याचं दार आतल्या कुंपणात उघडं राहील अशी व्यवस्था करावी.

पाठलाग, डोक्यावर एखादी टोच, चोचीत आलेलं पीस, हे चालायचंच. मधे पडू नका. रक्त दिसलं की मात्र लगेच. लाल रंग दिसला की साऱ्या कोंबड्या तिथेच टोचत सुटतात. जखमी पिल्लू काढून जखम धुवावी, हळद-खोबरेल लावावं आणि जाळीआड, पण कळपाला दिसेल असंच ठेवावं. नजरेआड नेलं तर परत आणताना सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सारखी अंगावर जाणारी कोंबडी एकच असते, तिला तीन-चार दिवस दूर कोंडा, जिथून कळप दिसणार नाही. परत येते तेव्हा तिचा मान उतरलेला असतो. पिल्लांना पुन्हा पुन्हा बाहेर काढण्यापेक्षा हे लवकर मार्गी लागतं.

रात्री दांड्यावर हात घालून प्रत्येक पिल्लाची गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली, घट्ट लागली तर त्याने दिवसभर खाल्लं. रिकामी लागली तर अंगावर जखम नसली तरी त्या पिल्लाला हुसकावलं जातंय, भांड्यापर्यंत पोचू दिलं जात नाही. आणखी एक भांडं वाढवा.

दोन-तीन पक्षी एकदम, काही कारण नसताना मेले तर कापून बघू नका, विकू नका, दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला तो देशातला कोंबड्यांतला पहिला. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात रानबदकं उतरतात. त्या बाजूच्या गावांनी या महिन्यांत कोंबड्यांचं पाणी आणि दाणा छपराखालीच ठेवावा.

आठव्या आठवड्यानंतर तुरे लाल होऊन नर ओळखू येऊ लागतात. आठ-दहा माद्यांमागे एक कोंबडा पुरतो, जादा नर चार महिन्यांच्या आत वेगळे काढावेत, नाहीतर तलंगांच्या पाठीची पिसं जातात. ऑक्टोबरच्या पिल्लांतले नर धुळवडीला आणि फेब्रुवारीचे आषाढात विकायला तयार होतात, दोन्ही वेळा भाव चांगला असतो. तलंगा साधारण पाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात. पहिलं अंडं दिसेपर्यंत ग्रोअर, मग आठवडाभर निम्मं-निम्मं मिसळून सगळ्या कळपाला लेअर खाद्य.